पॅच कोण करणार?

व्हिडिओ गेमच्या कंपनीत काम करते म्हटलं की समोरच्या माणसाचा चेहरा खुलायचा. अमेरिकेत, सिएटलजवळच्या रेडमंडला गणपतीच्या कार्यक्रमात एका काकांनी मला विचारलं होतं, "म्हणजे दिवसभर खेळता की काय?" मी म्हटलं, "नाही काका, दिवसभर हात जोडते." ते मोठ्याने हसले. मी गंमत करत नव्हते.

माझं काम खरोखरच हात जोडण्याचं होतं. आमची कंपनी इंग्लंडमधली, गेम प्रकाशित करणारी. गेम दुकानात जाण्याआधी तो ज्या मशीनवर खेळला जाणार त्या मशीनच्या कंपनीकडे तपासणीला द्यावा लागतो. तो मध्येच बंद पडतो का, खेळणाऱ्याने सोडला तिथून पुन्हा सुरू होतो का, कंट्रोलरची बॅटरी संपली तर काय होतं, असं सगळं ते लोक बघतात. चुका सापडतातच. मग मी त्यांना लिहायचं की एवढं एक या वेळी पोटात घाला, डिस्क छापू द्या, गेम दुकानात येईल त्याच दिवशी आम्ही पॅच देतो. पॅच म्हणजे इंटरनेटवरून मशीनमध्ये आपोआप उतरणारी दुरुस्ती. डिस्क छापून, डब्यांत भरून दुकानांत पोचवायला पाच-सहा आठवडे जातात, आणि राहिलेला गेम त्या आठवड्यांत पुरा करायचा ही या धंद्याची रीत आहे. हॉल ठरला, पत्रिका वाटून झाल्या, साड्या आता घेऊ, असं लग्नघरात चालतं तसंच. बाहेरच्याला ही फसवणूक वाटेल. आमच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याबद्दल कुणी बोलायचंही नाही.

या कंपनीत मी पुण्यात लागले. नागपूरहून इंजिनिअर होऊन आलेल्या मुलीने गेम तपासायची नोकरी धरली म्हणून बाबा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते. कंपनीचं तपासणी केंद्र पुण्यात नुकतंच उघडलं होतं आणि तेव्हा कंपनीची चलती होती. तिची जन्मकथा आम्हाला तोंडपाठ, कारण संस्थापक दरवर्षी येऊन तीच सांगायचे. उत्तर इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात, लोकरीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, दोन शाळासोबत्यांनी सायकलवरच्या पोस्टमनचा गेम बनवला. कुत्री चुकवायची आणि पत्रं टाकायची, एवढाच खेळ. तो कॅसेटवर भरून त्यांनी पोस्टानेच विकला. लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे तो पोस्टमन मुलांच्या दप्तरांवर आला, डब्यांवर आला, त्याचे एकामागून एक भाग निघाले. कंपनी शेअर बाजारात गेली, तिने बारक्या कंपन्या विकत घ्यायला सुरुवात केली. रेडमंडचा स्टुडिओ त्यातलाच. संस्थापक पुण्यात आले की आमच्याबरोबर मिसळ खायचे, लालबुंद व्हायचे, नाक पुसायचे आणि पुन्हा रस्सा मागायचे. कंपनी आपली वाटायची. आज हे लिहिताना माझा मलाच राग येतो, पण वाटायची.

मग पोस्टमन म्हातारा झाला. नव्या पोरांना कुत्री चुकवण्यात रस नव्हता, आणि फोनवर फुकट गेम मिळायला लागले होते. दोन मित्रांपैकी एक वारला. दुसऱ्याने, म्हणजे आमच्या मिसळवाल्याने, आपला हिस्सा विकला आणि निरोपाची एक गोड मेल पाठवून तो स्पेनला समुद्रकाठी राहायला गेला. त्याच्या जागी आलेल्यांपैकी कुणी आधी विमा विकला होता, कुणी गाद्या. माणसं वाईट नव्हती. गेम कसा बनतो हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटत असावी.

त्याच सुमाराला मला बढती मिळून रेडमंडला पाठवलं. नवरा पुण्यात पूल बांधणाऱ्या कंपनीत होता. माझ्या व्हिसावर त्याला अमेरिकेत काम करायची परवानगी नव्हती. "बघू, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," म्हणत त्याने नोकरी सोडली. लेकीची पाचवी नुकतीच झाली होती. विमानात रडली, पहिला हिवाळाभर रडली, आणि मग एक दिवस शाळेतून आली ती थेट इंग्रजीतच बोलत. दोन वर्षांची पाच झाली. नवरा स्वयंपाकात तरबेज झाला आणि स्वभावाने जरा तिरकस. लेक अकरावीत गेली, शाळेच्या पोहण्याच्या टीममध्ये आली. आमच्या व्हिसाची सहा वर्षांची मुदत मात्र संपत आली होती. कंपनीने ग्रीन कार्डची फाइल टाकली तरच पुढे राहता येणार, नाहीतर तिघांनी सामान आवरायचं. माझी बॉस, अमेरिकेतल्या ऑफिसची प्रमुख, इंग्लंडहून आलेली सरळ बाई होती. ती म्हणाली, "हा गेम दुकानात येऊ दे. त्याच आठवड्यात तुझी फाइल टाकते. आत्ता इंग्लंडमध्ये कुणी कशावर सही करत नाहीये."

म्हणजे आमचं राहणं एका गेमवर येऊन ठेपलं होतं. कंपनीचंही. हाती होतं तेवढं सगळं त्यांनी त्या एका गेमवर लावलं होतं.

गेम सुंदर होता, हे मी आजही म्हणेन. एक ओसाड बेट मिळायचं. तिथे धक्का बांधायचा, बोटी आणायच्या, वखारी, घरं, शाळा, बाजार उभा करायचा. माणसं येऊन राहायची, त्यांची लग्नं व्हायची. घाई नाही, मारामारी नाही. आमच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओची माणसं चार वर्षं तो बनवत होती. खालच्या मजल्यावर आम्ही, तो बाहेर पाठवणारे. खेळणाऱ्याचं गाव सेव्ह करण्याचा सगळा भाग एका पुणेकराकडे होता. माझ्याहून लहान, मला ताई म्हणायचा, आणि माझ्यासारखाच व्हिसावर. नागपूरकरांना चहा करता येत नाही यावर त्याचं ठाम मत होतं.

त्याच्याच भागात ती चूक होती. गाव एका मर्यादेपलीकडे वाढलं की सेव्ह अर्धवट व्हायचं. दुसऱ्या दिवशी गेम उघडला तर बेट पुन्हा ओसाड. वाळू, समुद्र, बाकी काही नाही. ही चूक आम्हाला उशिरा सापडली, कारण एवढं मोठं गाव बांधायला खूप वेळ लागतो आणि तपासणाऱ्यांकडे तेवढा वेळ नसतो. आमच्या कंपनीचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपायचं, भारतातल्यासारखंच, म्हणून गेम मार्चमध्ये यायलाच हवा असा वरून हुकूम. डिस्क फेब्रुवारीच्या सुरुवातीला कारखान्यात जायला हव्या होत्या. मी पुणेकराला विचारलं, "होईल ना रे?" तो म्हणाला, "ताई, पॅचपर्यंत डेफिनेटली. तू फक्त डिस्क काढ." मी नेहमीप्रमाणे हात जोडले. या वेळी जरा जास्तच जोडावे लागले. मशीनच्या कंपनीने एका अटीवर परवानगी दिली, की हीच दुरुस्ती पहिल्या दिवशीच्या पॅचमध्ये असायलाच हवी. मी शब्द दिला.

डिस्क कारखान्यात गेल्या. वरच्या मजल्यावर केक कापला, आणि दुसऱ्याच सकाळी सगळे पुन्हा कामाला बसले.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. बाहेर रेडमंडची ती चिकट रिमझिम लागलेली. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना कॅफेटेरियात बोलावलं आणि आम्हा खालच्यांना एका खोलीत बसवलं. पुणेकर जिन्यावर भेटला, हातात चहाचा मग. म्हणाला, "बोनसची मीटिंग दिसतेय यार." अर्ध्या तासाने माणसं पुठ्ठ्याची खोकी घेऊन खाली उतरायला लागली. काचेतून आम्हाला दिसत होतं. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं, पुणेकर सरळ समोर बघत चालला होता आणि त्याच्या खोक्यात तोच मग होता. स्टुडिओ बंद केला होता. पूर्णपणे.

आमच्या खोलीतल्या पडद्यावर इंग्लंडहून हिशेब बघणारे, पूर्वी गाद्या विकणारे साहेब आले. कठीण निर्णय, जड अंतःकरण, असं बरंच बोलले. तुमच्या नोकऱ्या सुरक्षित आहेत, असंही म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी विचारलं, "मग पॅच कोण करणार?"

साहेबांनी चष्मा काढला. "गेम पूर्ण झाला ना? डिस्क तर कारखान्यात गेल्या."

मी समजावून सांगितलं. डिस्कमध्ये काय आहे, काय नाही, हे आठवडे कशासाठी असतात. बोलताना मला माझाच आवाज चढलेला ऐकू येत होता. त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "हे आम्हाला कधीच कुणी सांगितलं नाही."

आणि ते खरं होतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. इंग्लंडला जाणाऱ्या दर आठवड्याच्या अहवालात गेमसमोर हिरवा रंग असायचा, कारण हिरवा नसला तर प्रश्न येतात. आम्हा सगळ्यांना माहीत होतं की या हिरव्याचा अर्थ 'होईल' असा आहे. गाद्या विकून आलेल्या माणसाला तो 'झाला' असा वाटला. गादी एकदा गाडीत चढली की कारखान्यात तिचं काम उरत नाही. त्याने त्याच्या अकलेप्रमाणे नवीन आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आत पगार वाचवले होते.

"मग त्यांना परत बोलवा," मी म्हटलं. तर ते जमणार नाही. बातमी शेअर बाजारात जाहीर झाली होती, आणि बंद केलेल्या स्टुडिओतला एक जरी माणूस परत घेतला तर बाकीचे वकील घेऊन दारात येतील. तरीही बॉसने दोघा-तिघा अमेरिकन मंडळींना थोड्या दिवसांच्या कामासाठी विचारून पाहिलं. त्यांनी दिलेली उत्तरं इथे लिहिण्यासारखी नाहीत. शेवटी पॅचचं काम दुसऱ्या देशातल्या एका कंपनीला दिलं. ती मुलं बिचारी दिवसरात्र चार वर्षांचं कोड वाचत बसली. रोज मला विचारायची, हे असं का केलंय? मी काय सांगणार? ज्याला माहीत होतं तो माझ्या घरापासून दहा मिनिटांवर बसून नोकरी शोधत होता.

एक दिवस बॉसने माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढली. "तुझा तो मित्र," ती म्हणाली, "घरून, अनौपचारिकपणे..." पुढचं तिने मला समजून घ्यायला ठेवलं. मला समजलं. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. या दोन महिन्यांत त्याने चोरून कुणाचं काम केलं आणि ते बाहेर आलं, तर पुढचा व्हिसा विसरायचा. पगार घेतला नाही म्हणून सुटका होईल असंही कुणी सांगत नव्हतं. हे तिलाही माहीत होतं. "मी तुला काही सांगितलेलं नाही," एवढं म्हणून ती उठली.

शनिवारी दुपारी मी त्याच्या घरी गेले. फोन न करता. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिला सातवा महिना होता. तिने मला बसवलं, गरम उपमा दिला, आणि आत न जाता तिथेच समोर बसून राहिली. पुणेकराने चहा केला. चहा उत्तम होता. मी म्हटलं, "सहज आले रे. म्हटलं बघावं कसे आहात."

"सहज कोण येतं ताई इथे? लोक शेजारच्या घरी जायला पण टेक्स्ट करतात." तो हसला नाही. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला. "चूक कुठेय ते मला माहितीये. मी त्या दिवशी सकाळी तिथेच होतो, फाइल उघडी होती. तीन-चार दिवसांचं काम आहे. आंघोळ करताना पण मला ते दिसतं, यार. पण तू विचारू नकोस. तू विचारलंस तर मला नाही म्हणता येणार नाही. मी करीन. म्हणून विचारू नकोस."

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. आणि ती कशासाठी हे मला सांगायची गरज नव्हती, कारण तीच विनवणी माझ्याही पोटात होती. माझी लेक, माझं घर, माझी फाइल. तीन-चार दिवसांचं काम. एक शब्द काढला असता तर मिळालं असतं.

मी उपमा संपवला. डॉक्टर कोणता, बाळंतपणाला आई येणार का, असं काहीतरी विचारलं आणि निघाले. भारतीय किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले. आपण फार मोठं काही केलं असं मुळीच वाटलं नाही. राग आला होता. साहेबांचा, बॉसचा, पुणेकराचा, त्याच्या बायकोच्या पोटातल्या जिवाचासुद्धा. मग डोळे पुसले आणि दुकानात जाऊन मेथी आणि गव्हाचं पीठ घेतलं, कारण ते संपलं होतं.

घरी नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाला?"

"विचारलं नाही."

त्याने माझ्या हातातून पिशवी घेतली. मेथी निवडायला बसला. मग म्हणाला, "बरं केलंस." पाच वर्षांत या माणसाने मला इतक्या सहज कधी बरं म्हटलं नव्हतं, आणि मी त्याच्यावरच खेकसले, "तुला काय, तुला परतच जायचंय." त्याने मेथीची जुडी ठेवून दिली आणि तो बाहेर पावसात चालायला गेला.

नव्या कंपनीचा पॅच आला, पण बाकीच्याच बारीकसारीक दुरुस्त्यांचा. सेव्हची चूक तशीच. मशीनच्या कंपनीने तो परत पाठवला. अट मोडली होती आणि शब्द माझा होता. मी पुन्हा हात जोडले. त्यांनी या वेळी शांतपणे नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. डिस्क तर दुकानांत पोचल्या होत्या. गेम पॅचशिवायच बाहेर आला.

पहिले काही दिवस काय सांगू! लोक वेडे झाले. कौतुक, विक्री, इंग्लंडहून टाळ्या. बॉसने माझ्या फाइलसाठी वकिलाची वेळही घेतली. मला वाटायला लागलं की कदाचित एवढी मोठी गावं कुणी बांधणारच नाही. माणूस बुडताना असंच काहीबाही धरतो. मग पहिली तक्रार आली आणि मागोमाग लोंढाच. जे कंटाळून अर्ध्यावर सोडून गेले त्यांचं काही गेलं नाही. ज्यांनी जीव लावून बांधलं त्यांचंच गेलं. एका आजोबांनी लिहिलं होतं की आजारी बायकोबरोबर बसून रोज थोडं थोडं गाव बांधत होतो, ते आज दिसत नाही, कुठे शोधू? असं पत्र आलं की उत्तर काय द्यायचं याचा एक ठरलेला मजकूर आम्हाला दिला होता. मी तो पाठवला.

लेक एक दिवस शाळेतून आली आणि बॅग आपटून म्हणाली, "मॉम, तुमच्या गेमने सगळ्यांची टाउन्स डिलीट केलीत. एव्हरीबडी नोज की तू तिथे काम करतेस." मी म्हटलं, "मी नाही केलं गं." ती म्हणाली, "आय नो. बट तुला माहीत होतं का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "देन व्हाय डिड यू सेल इट?" हा प्रश्न मला इंग्लंडमध्येही कुणी विचारला नव्हता. मी तिला डिस्क, मार्च, पॅच असं सगळं सांगत राहिले आणि तिने मध्येच कानात हेडफोन घातले.

दुकानांनी डब्या परत पाठवल्या. शेअर कोसळला. बँकेने हात वर केले आणि मे महिन्यात कंपनीचं दिवाळं निघून ती प्रशासकांच्या ताब्यात गेली. लोकरीच्या दुकानावरच्या खोलीत सुरू झालेली कंपनी एका छोट्या कॉलमध्ये संपली. त्या कॉलमध्ये कुणी एक तरुण वकील आमची नावं वाचत होता. माझं नाव त्याने चुकीचं वाचलं, मी 'येस' म्हटलं, आणि कॉल संपायच्या आत माझा लॅपटॉप बंद झाला. बॉसने मला मिठी मारली. "सॉरी, तुझी फाइल," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिला समजावण्यात माझी दुपार गेली. सायकलवरचा पोस्टमन म्हणे नंतर कुणीतरी विकत घेतला.

मग माझे दोन महिने सुरू झाले. गेमच्या सगळ्याच कंपन्या माणसं काढत होत्या. दुसरीकडे अर्ज केला तर म्हणायचे, तुम्ही गेममधल्या, आमच्याकडे कसं जमेल. जिथे जमत होतं तिथे विचारायचे, व्हिसा किती उरलाय? उत्तर ऐकलं की आवाज मवाळ व्हायचा. पुणेकराला दरम्यान टेक्सासमध्ये अर्विंगला एका विमा कंपनीत नोकरी मिळाली होती. त्याने फोन करून तिथे माझा अर्ज पुढे सरकवला, दोनदा, तीनदा. तेही नाही झालं. त्याला मुलगी झाली. फोटो आला तेव्हा मी खरोखर आनंदाने रडले, आणि मग दुसऱ्याही कारणाने रडले.

मी देवाला बोलले, नवऱ्याला बोलले, ओळख नसलेल्या लोकांना इंटरनेटवर लांबलचक निरोप पाठवले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांसाठी हात जोडले, ते सोपं होतं. स्वतःसाठी जोडताना शब्द फुटत नव्हता.

लेकीला सांगितलं तेव्हा तिची शाळा संपत आली होती. तिने आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "बट सीनियर इयर?" नवरा म्हणाला, "बारावी पुण्यात करू बेटा, चांगली कॉलेजं आहेत." "आय डोन्ट नो एनीवन इन पुणे." "आम्ही आहोत ना." तिने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पोहायला निघून गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, ते पाण्यातल्या क्लोरीनमुळे, असं आम्ही तिघेही धरून चाललो.

जुलैत निघालो. सिएटलच्या विमानतळावर बॅगा दिल्या, बूट काढून तपासणीतून गेलो, पुन्हा बूट घातले. लेक केस नीट बांधून आली होती, इस्त्रीचा शर्ट घालून. प्रवासाला ती कधीच असे कपडे घालत नाही. ती सारखी पुढे बघत होती. प्रत्येक वळणावर तिची पावलं मंदावायची. गेटपाशी येऊन बसलो तेव्हा तिने विचारलं, "मॉम, इमिग्रेशन कुठंय?"

"इथे जाताना नसतं," मी म्हटलं. "येतानाच असतं फक्त."

"म्हणजे कुणी विचारत नाही? व्हाय यू आर लीव्हिंग, अँड ऑल?"

"नाही गं. गेटवर एक कॅमेरा फोटो काढतो, बस."

तिने बॅग पायांशी ओढून घेतली. नवरा पाण्याच्या बाटल्या भरायला गेला होता. मग ती म्हणाली, "आय थॉट देअर वुड बी अ पर्सन. मी सगळं प्रिपेअर केलं होतं."

"काय प्रिपेअर केलं होतंस?"

"व्हॉट आय वुड से."

मी तिच्याकडे वळून बसले. मी म्हटलं, "मला सांग."

तिने आजूबाजूला पाहिलं. मग ती ताठ बसली, हात मांडीवर ठेवले, आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत बोलायला लागली. सर, मी अमुक शाळेत शिकते. माझे मार्क असे आहेत. मी टीममध्ये आहे, पुढच्या वर्षी मी कॅप्टन होणार आहे. माझी आई खूप चांगलं काम करते, तिची काही चूक नव्हती, तुम्ही कुणालाही विचारा. फक्त एक वर्ष हवंय. ते बोलताना ती कुठे अडखळली नाही. कितीतरी वेळा म्हणून पाहिलेलं होतं. शेवटी 'प्लीज' म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

आमच्या विमानाची घोषणा झाली. मी तिची बॅग उचलली, आणि आम्ही रांगेत जाऊन उभ्या राहिलो.